वीस नंबरचा तंगूस

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागायला हवी. हे काम माझं नाही. आमच्या घरात पुस्तक उघडणारा मी पहिला. वडील अजूनही अंगठा देतात, आणि माझ्या वहीला पाय लागला तर आई वाकून नमस्कार करते. एवढ्या भांडवलावर माणसानं लिहायला बसावं का? माहीत नाही. वाक्य कुठं मोडायचं तेही मला नीट कळत नाही. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, होस्टेलच्या खोलीतल्या मित्राला नाही. देवापुढं उभा राहूनसुद्धा मनातल्या मनात ती कधी पूर्ण बोललो नाही — अर्ध्यात यायचो आणि घंटा वाजवून निघून जायचो. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

एका माणसाला मारलं, त्याबद्दल हे आहे. म्हणजे — सगळ्यांनी मारलं. मीही मारलं. पण मारणं हा त्यातला लहान भाग आहे. मोठा भाग त्याच्याआधीचा, एका वाक्याचा. तिथपर्यंत यायला मला वेळ लागेल. घाईनं सांगितलं तर मी पुन्हा काहीतरी झाकेन, अशी मला स्वतःचीच भीती वाटते.

आमची वस्ती आसेगावकडच्या एका धरणाच्या काठाला आहे. बावीस-तेवीस घरं, सगळी मासे धरणारी. थोडी कोरडवाहू शेती, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणं, आणि बाकीचे दिवस धरण. मी वाशीमला कॉमर्स शिकतो. दुसऱ्या वर्षाला असताना आम्हाला उद्योजकता नावाचा विषय होता. सर म्हणाले, आपल्या आजूबाजूला जे विकत आणलं जातं ते आपल्या नावानं विकता येईल का, याचा विचार करा. वर्गातल्या कुणी पापड सांगितले, कुणी मसाले. मला जाळी आठवली. आमची सगळी वस्ती तंगूसची जाळी — म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक धाग्याची — बाजारातून आणायची, आणि ती आमच्या धरणाला कधीच नीट बसायची नाहीत. डोळा, म्हणजे जाळ्याचं भोक, लहान किंवा मोठा, वर तरंगायचे बोये हलके, तळाचं शिसं कमी. मी म्हटलं, आपल्या धरणाला लागतं तसं जाळं कारखान्यातून बनवून घ्यायचं आणि त्यावर आपलं नाव टाकायचं.

मोबाईलवर शोधून शोधून दक्षिणेतला एक कारखानदार सापडला. त्याचा माणूस हिंदीत बोलायचा आणि सगळं मिलिमीटरमध्ये विचारायचा. डोळा किती? धागा किती जाड? उंची किती डोळ्यांची? मला यातलं काहीच येत नव्हतं. आणि इथंच देविदासभाऊजी आले.

देविदासभाऊजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचा, रुखमाताईचा नवरा. मूळचे मानोऱ्याकडचे. घरजावई म्हणून आमच्या वस्तीत राहायचे, आणि त्याबद्दल रोज कुणाचा ना कुणाचा टोमणा खायचे. पण जाळं बांधावं तर त्यांनीच. मला ते ‘साळेसाहेब’ म्हणायचे, आणि मी चिडलो की अजून मोठ्यानं म्हणायचे.

“तीन बोटं जाऊ दे, चवथं अडकलं पाहिजे,” त्यांनी सांगितलं. “तोच आपला डोळा.”

मी त्यांची तीन बोटं कॉलेजच्या पट्टीनं मोजली आणि तो आकडा कारखान्याला पाठवला. धागा वीस नंबरचा हवा हे त्यांचंच म्हणणं. आपल्या धरणात बुडालेल्या बाभळींची खोडं आहेत, पाच-सहा किलोचे कतले मासे आहेत. त्याहून बारीक सोळा नंबर कतल्यापुढं टिकत नाही. पहिला नमुना आला, त्याच्या गाठी सरकत होत्या. दुसरा आला, तो बोयांसकट बुडाला. त्या दिवशी ते काठावर बसून पोट धरून हसले. “साळेसाहेब, फ्याक्टरीवाल्याले सांगा, आमचे मासे वऱ्हाडी हायेत. असे बोलावून येत नाहीत, धरून आणा लागतात.” तिसरा नमुना त्यांनी दगडाला बांधून ओढला, दातात धरून ताणला, आणि माझ्या पाठीत एक जोरात थाप मारली. ती थाप मला अजून आठवते. आमच्या घरच्या माणसांनी मला असं कौतुकानं कधी मारलं नव्हतं.

नाव ठरलं ‘बगळा छाप’. मित्रानं चित्र काढून दिलं. खाली लिहिलं — खास धरणासाठी, धागा नंबर वीस. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मी उभा राहून सांगितलं की पोळ्याच्या आधी जाळी पाण्यात पडतील. आमचे अध्यक्ष नामदेवकाका सगळ्यांपुढं म्हणाले, “पोट्टा शिकला त याचा असा उपयोग झाला, नाई त शिकेल पोट्टे मोबाईल घासत बसतात.” वडील मागं उभे होते. त्यांनी मान खाली घातली — आमच्याकडे आनंद झाला की बाप मान खाली घालतो.

तो दिवस तसाच थांबला असता तर?

आठ दिवसांनी कारखान्याचा फोन आला. “भैया, बीस का धागा तीन हफ्ते बाद मिलेगा. सोलह तैयार है. आँख से फरक नहीं दिखेगा.” लेबल वीसचं छापून झालं होतं. पोळा दोन आठवड्यांवर होता. मी किती वेळ विचार केला असेल? खरं सांगतो — घेतलेला श्वास सोडायलाही जास्त वेळ लागतो. बैठकीत पुन्हा उभं राहून ‘उशीर होईल’ म्हणणं माझ्यानं होणार नव्हतं. मी म्हटलं, “भेज दो.”

जाळी आली. माझ्या आईनं एक पाकीट देवाजवळ ठेवलं. अकरा घरांनी बगळा छाप घेतलं. पहिले चार दिवस मासे चांगले लागले, लोक मला ‘मॅनेजर’ म्हणू लागले. पाचव्या दिवशी दुपारी देविदासभाऊजी आमच्या अंगणात आले. मी एकटाच होतो. ते नेहमीसारखे मोठ्यानं बोलले नाहीत.

“संतोष,” — साळेसाहेब नाही, संतोष — “हा वीस नाही. माह्या बोटाले कळते. वापस बोलाव सारी जाळी. मी कोणाले सांगत नाही, तूच सांग.”

मी म्हटलं, भाऊजी, तुमचा भास आहे. ते “बरं” म्हणाले आणि गेले.

त्याच संध्याकाळी त्यांचं आणि नामदेवकाकांचं वाजलं. भाऊजींना धरणाच्या भिंतीजवळची खोल पाण्याची जागा हवी होती. काका म्हणाले, जावयाले कायची जागा, जावयानं जावयासारखं ऱ्हावं. शब्दाला शब्द वाढला. जाता जाता भाऊजी चारचौघांत म्हणाले, “पाहू ना, किती दिवस टिकते तुमची जाळी.”

लोकांनी ती धमकी समजली. ती धमकी नव्हती. ते धाग्याबद्दल बोलत होते. हे त्या काठावर फक्त दोघांना माहीत होतं — त्यांना आणि मला.

दोन दिवसांनी सकाळी तराफे परत आले. अकरापैकी सात जाळी फाटलेली. नुसती भोकं नाही. वरपासून खालपर्यंत, साडी फाडावी तशी. रात्री वारा होता, धरण भरलेलं होतं, मोठे कतले काठाला आले असतील, खोडांना अडकून ओढाताण झाली असेल. पण तसं कुणी बोललं नाही. वीस नंबरचं जाळं असं फाटत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मग उरलं काय? कुणीतरी कापलं. कुणी कापलं? ज्यानं धमकी दिली त्यानं. त्यात भाऊजी पहाटेच काठावर दिसलेले, कमरेला ब्लेड — जे आमच्याकडे जाळं सांधणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला असतं.

त्यांना घरातून ओढत आणलं. शर्टाची एक बाही तिथंच दारात फाटून राहिली. रुखमाताई मागून धावत होती, तिला बायकांनी धरलं.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणावर जाळं कापल्याचा आळ आला तर त्यानं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, फाटकं जाळं गळ्यात घ्यायचं, ओंजळभर पाणी प्यायचं आणि म्हणायचं — मी केलं नाही. मग विषय संपला. पुढं कुणी विचारत नाही. ज्या पाण्याचं खातो त्यात उभं राहून खोटं बोलणारा अजून जन्मला नाही, असं म्हातारे सांगतात. देविदासभाऊजींनी ते केलं. न अडखळता केलं. पाणी प्यायले, म्हणाले, आणि ओल्या पायांनी वर आले. पोरं अजून मुठी आवळून उभी होती, पण नामदेवकाकांनी हात वर केला होता. आण घेतली म्हणजे सुटला. आणखी मिनिटभरात सगळे घरी गेले असते.

तेवढ्यात सोनाजीबुढा — वस्तीतला सगळ्यात म्हातारा — फाटलेल्या जाळ्याजवळ बसून धाग्याची टोकं डोळ्याजवळ नेऊन पाहत होता. तो भाऊजींच्या बाजूनंच बोलायला गेला. म्हणाला, “हे टोक पांढरं काहून आहे? कापलं असतं त सफा दिसलं असतं. हे त ओढून तुटल्यावानी दिसून राह्यलं.” आणि मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. “संतोष, तू शिकेल माणूस. फ्याक्टरीवाल्याशी बोलणारा. तूच सांग बाप्पा. हे कापलं, का तुटलं?”

सगळे वळले. अख्खी वस्ती. वडीलही.

मला माहीत होतं का? हो. नमुन्यांच्या वेळी कारखान्यानंच मला व्हिडिओ पाठवला होता — ताणून तुटलेला तंगूस टोकाला पांढरा पडतो आणि वेटोळं घेतो; कापलेला सपाट राहतो. माझ्या पायाजवळच्या प्रत्येक धाग्याचं टोक पांढरं होतं, वेटोळं होतं. मी एक उचललं. बोटांत फिरवून पाहिल्याचं नाटक केलं. आणि म्हणालो —

“कापलं आहे. नवीन तंगूसमंधी केमिकल असते. कापला तरी टोक पांढरंच पडते.”

हेच ते वाक्य.

भीतीनं बोललो, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. तिथं उभा असताना मला आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसत होती — धागा वीसचा नाही, हे ओळखणारा वस्तीत एकच माणूस आहे, आणि आता त्याचं कुणी ऐकणार नाही. मला बरं वाटलं. ऐकताय ना? मला त्या क्षणी बरं वाटलं.

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, जरा बुचकळ्यात पडल्यासारखं. म्हणाले, “साळेसाहेब, तुले त माहीत —”

मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. तोंडावर मारलं. मूठ बंद करून, सगळ्या जोरानं, बरोबर तोंडावर. मी त्याआधी कुणाला मारलेलं नव्हतं. त्यांचा दात माझ्या बोटाच्या गाठीत घुसला. ते मागं कोलमडले, तोंडातून रक्त आलं, आणि त्या रक्तानं सगळं सुटलं. पहिला फटका माझा होता. हात वर केलेले काका, मुठी आवळलेली पोरं — सगळ्यांना तेवढंच हवं होतं. शिकलेला, शांत पोरगा मारतो म्हणजे खात्रीच ना?

पुढचं लिहितो, कारण गाळलं तर ही कबुली नाही.

आधी लाथा. पोटात, बरगड्यांत. एकानं तराफ्याची फळी आणली, ती पाठीवर मोडली. मग कुणीतरी फाटलेल्या जाळ्याची खालची दोरी उपसली — शिशाच्या गोळ्या ओवलेली, भाऊजींनीच माझ्याकडून जड करून घेतलेली — आणि तिनं मारायला लागला. ती हवेत गेली की आवाज यायचा आणि अंगावर पडली की यायचा नाही. कातडीला ओळीनं गोल गोल डाग पडत होते, मग ते फुटत होते. भाऊजी सुरुवातीला “आण घेतली ना, आण घेतली ना” म्हणत होते. नंतर नुसता श्वास. रुखमाताई किंचाळत नव्हती. ती एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होती, जणू जेवायला बोलावतेय. माझंही नाव घेतलं. मग कुणी म्हणालं, “कापणारा हात पाहा याचा,” आणि चौघांनी त्यांचा उजवा हात सांडव्याच्या दगडावर पसरला. दुसरा दगड नामदेवकाकांच्या पुतण्याच्या हातात होता. मी मनगट धरलं होतं. हो, चौघांतला एक मी. हाताखाली नाडी उडत होती, ती मला लागत होती. त्यानं दगड तीन वेळा खाली आणला.

मी सोडलं नाही.

पोलिसांत कुणी गेलं नाही. रुखमाताईनं त्यांना वाशीमला नेलं, डॉक्टरांना तराफ्यावरून पडले म्हणून सांगितलं. बोटं राहिली, पण वळत नव्हती. आठवडाभरात दोघं वस्ती सोडून भाऊजींच्या गावी गेले, मानोऱ्याकडं, पोहरादेवीच्या अलीकडं. तिथं एक तलाव आहे. जाताना रुखमाताई आमच्या दारावरून गेली. आईनं हाक मारली, ती थांबली नाही.

आणि मी? मी कॉलेजात बगळा छापवर बोललो. तिसरा नमुना, तो खरा वीसचा, सगळ्यांना हातात दिला. टाळ्या वाजल्या. सरांनी माझ्या बोटावरची जखम पाहून विचारलं, मी म्हटलं, जाळं ओढताना लागलं.

आमच्याकडे आता कुणी ती जाळी मागत नव्हतं. जाळी खोटी असं नाही, ‘कापणारा गेला, पण अपशकुन राहिला’ असं म्हणत होते. कारखान्यातून आलेल्या मालातले निम्म्याहून जास्त गठ्ठे घरात पडून होते. ते जाळून टाकता आले असते. वीसचा आकडा काळ्या शाईनं खोडून सोळा लिहिता आलं असतं. मी मानोऱ्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराला ते देऊन टाकले. भाऊजी त्याच बाजूला गेलेत हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. गठ्ठे टेम्पोत चढवताना ते गाव डोळ्यापुढं आलं होतं. मी दुसरीकडं पाहिलं. माणूस स्वतःच्या मनात दुसरीकडं कसा पाहतो, हे मला विचारू नका, पण ते जमतं.

वर्ष गेलं. मी तिसऱ्या वर्षाला गेलो. रात्री झोप लागायची, जेवण जायचं. हेही सांगायला हवं, कारण वाईट करणाऱ्याला शांतता मिळत नाही असं आपण म्हणतो. मिळते.

गेल्या महिन्यात दुपारी मेसमध्ये ताटावर बसलो होतो, तेव्हा वडिलांचा फोन आला. त्यांना फोनवर मोठ्यानं बोलायची सवय आहे. त्यांनी जे सांगितलं ते जसं आलं तसं लिहितो.

तिकडच्या तलावात जाळी फाटली. एका रात्रीत नऊ. बगळा छाप. तिथल्या लोकांना भाऊजींबद्दल काहीबाही ऐकू आलेलं होतंच. त्यांनी खात्री करायला नामदेवकाकांना फोन लावला — हा तुमचाच जावई ना, माणूस कसा आहे? काकांनी त्यांना जे खरं वाटत होतं ते सांगितलं. तासाभरात लोक घरी गेले. भाऊजी ओसरीत डाव्या हातानं लसूण सोलत होते. एका हातानं त्यांना स्वतःचं डोकंही झाकता आलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा होता म्हणे. रुखमाताई मधे पडली, तिचा खांदा मोडला. दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले. सहा जणांना पोलिसांनी नेलं, त्यातला एक अठराचाही नाही.

हातातला घास तसाच होता.

वडिलांना वाटलं फोन कटला. “हॅलो, हॅलो” केलं. मग आवाज जरा खाली आणून, जसे बैठकीत माझ्यामागं उभे होते तसे, म्हणाले, “वाईट झालं बाप्पा. पण माणूस तसाच होता. तू त तवाच वळखलं होतं त्याले.”